घाट, गिअर आणि जड वाहन : प्रस्तावना

महाराष्ट्रातील मालवाहतुकीचा विचार सह्याद्रीला वगळून करता येत नाही. एका बाजूला समुद्रसपाटीची कोकणपट्टी आणि तिच्यावरील मुंबई व न्हावा शेवा ही बंदरे, दुसऱ्या बाजूला देशावरील चाकण, नाशिक, कोल्हापूर यांसारखे औद्योगिक पट्टे, साखर कारखाने आणि लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारपेठा, आणि या दोहोंच्या मधोमध सह्याद्रीचा कडा अशी या प्रदेशाची रचना असल्यामुळे बंदराकडे जाणारा किंवा बंदरातून येणारा माल कुठल्या ना कुठल्या घाटातून उतरतो किंवा चढतो. बोरघाटातील गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला आणि मुंबई बंदर दख्खनच्या पठाराशी चाकांच्या वाहतुकीने जोडले गेले. त्यानंतरच्या जवळपास दोन शतकांत रस्ते रुंद झाले, बोगदे निघाले, 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण लांबीने वापरात आला, तरी माथा आणि पायथा यांच्यातील उंचीचा फरक तेवढाच राहिला. कसारा, खंबाटकी, कशेडी, कुंभार्ली, आंबा, आंबोली ही नावे प्रवाशाला निसर्गरम्य स्थळांची वाटतात; जड वाहनाच्या चालकासाठी मात्र त्यांतील प्रत्येक नाव म्हणजे विशिष्ट लांबीचा, विशिष्ट तीव्रतेचा आणि विशिष्ट वळणांचा उतार असतो, ज्यात वीस-तीस टन वजन त्याला आपल्या ताब्यात ठेवायचे असते.

हे वजन ताब्यात ठेवण्याचे शास्त्र हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. हस्तचलित गिअरच्या जड मालवाहू वाहनात वेगावर नियंत्रण ठेवण्याची दोन साधने चालकाच्या हाती असतात, एक गिअर व दुसरे ब्रेक, आणि या दोन साधनांमधील कामाची वाटणी नीट झाली नाही की अपघाताची पूर्वतयारी होते. घाटातील अपघातानंतर पंचनाम्यात आणि बातमीत बहुधा ब्रेक निकामी झाल्याचे कारण दिले जाते. काही अपघातांत ते मूळ कारण असतेही. परंतु अनेकदा ब्रेक निकामी होणे हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा असतो आणि तिचा पहिला दुवा काही किलोमीटर मागे, उतार जेथे सुरू झाला त्या जागी, चुकीच्या गिअरच्या रूपाने सापडतो. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका मालवाहू वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली, तेव्हाही प्रारंभी ब्रेक निकामी झाल्याचीच चर्चा झाली. पुढे मात्र चालकाने इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, अशी माहिती प्राथमिक तपासातून पुढे आल्याचे वृत्तपत्रांनी दिले. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा हा रस्ता वळणावळणाचा घाट नाही. तो रुंद, सरळसा आणि दिसायला सौम्य उतार आहे, आणि म्हणूनच तो या पुस्तकाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद ठरतो, कारण उताराचा धोका त्याच्या दिसण्यावर अवलंबून नसतो, तर त्याची लांबी, वाहनाचे वजन आणि वाहनाचा वेग या तिहींच्या एकत्रित परिणामावर अवलंबून असतो.

हा परिणाम आकड्यांत मांडल्यास त्याचे गांभीर्य ध्यानी येते. उंचीवरील प्रत्येक वस्तूत तिच्या उंचीमुळे साठलेली ऊर्जा असते, तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात, आणि वस्तू खाली येताना ही ऊर्जा नाहीशी होत नाही, केवळ रूप बदलते. तीन आसांच्या मालवाहू वाहनाचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन 2018 पूर्वी 25 टन होते, ते त्या वर्षी 28.5 टन करण्यात आले. असे पूर्ण भरलेले वाहन लोणावळ्याकडून खोपोलीकडे, म्हणजे सुमारे 500 मीटर खाली, उतरते तेव्हा जवळपास 14 कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सर्व ऊर्जा कुठेतरी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडली पाहिजे, आणि ही उष्णता जवळपास 450 लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापवण्यास पुरेल इतकी असते. टायरांचे घर्षण आणि हवेचा विरोध तिचा काही भाग शोषून घेतात. उरलेला भाग इंजिन आणि ब्रेक यांनी मिळून पेलायचा असतो. चालक इंजिनाला त्यातून वगळतो तेव्हा हा सगळा भार चाकांमधल्या ब्रेकच्या काही लोखंडी ड्रमांवर येऊन पडतो.

या ऊर्जेची एकूण मात्रा उंचीने ठरते, पण ती किती वेळात बाहेर पडावी हे वेगाने ठरते, आणि वेग चालकाच्या हातात असतो. 5 टक्के उतार म्हणजे प्रत्येक 100 मीटर अंतरात 5 मीटर खाली जाणारा रस्ता. अशा उतारावर 28.5 टनांचे वाहन ताशी 40 किलोमीटरच्या स्थिर वेगाने उतरत असेल तर गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे 155 किलोवॉट, म्हणजे 200 अश्वशक्तीहून काहीशा अधिक शक्तीने पुढे ढकलत असते, आणि तेवढीच शक्ती सतत शोषून घ्यावी लागते. वेग ताशी 20 किलोमीटरवर आणला की ही गरज निम्मी होते, ब्रेकला थंड होण्यास दुप्पट वेळ मिळतो आणि अचानक थांबावे लागल्यास चालत्या वाहनाची गतिज ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर आलेली असते. घाटात सावकाश उतरावे हा जुना उपदेश आहे, पण तो केवळ सबुरीचा उपदेश नाही, त्यामागे हे गणित आहे.

इंजिन वाहनाला ओढते तसे ते रोखूही शकते, ही गोष्ट येथे नीट समजून घ्यावी लागते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरील पाय काढला की इंधनाचा पुरवठा थांबतो, परंतु चाके, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स आणि क्लच या मार्गाने फिरती गती इंजिनाकडे येतच राहते आणि चाकांनाच इंजिन फिरवावे लागते. पिस्टनांचे घर्षण, हवा आत ओढून बाहेर ढकलण्याचे श्रम, पंप आणि पंखा यांचा भार या सर्वांचा विरोध चाकांपर्यंत पोहोचतो, आणि यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. गिअर जितका खालचा, तितके चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे अधिक आणि तितका हा विरोध मोठा, कारण खालचा गिअर इंजिनाची ओढ ज्या पटीने वाढवतो त्याच पटीने त्याचा अटकावही वाढवतो. नऊ गतींच्या काही गिअरबॉक्समध्ये सर्वांत खालच्या गिअरला इंजिनाचे बारा-तेरा फेरे झाल्यावर बाहेरचा दांडा एकदा फिरतो, तर सर्वांत वरच्या गिअरला दोन्ही समान गतीने फिरतात. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये घाट उतरणाऱ्या वाहनाला इंजिन जोडलेले असूनही त्याचा फारसा आधार मिळत नाही.

जड वाहनाचा गिअरबॉक्स मोटारगाडीच्या गिअरबॉक्सची मोठी आवृत्ती नसतो, त्याची रचना आणि त्याची शिस्त वेगळी असते. मोटारीला पाच गिअर पुरतात, कारण तिचे रिकामे आणि भरलेले वजन यांत फार अंतर नसते. मालवाहू वाहनाचे भरलेले वजन मात्र रिकाम्याच्या दुप्पट-तिपटीहून अधिक असू शकते आणि त्याच्या डिझेल इंजिनाचा उपयुक्त फेऱ्यांचा पट्टा अरुंद असतो, म्हणून त्याला अधिक आणि जवळजवळचे गिअर लागतात. नऊ गतींच्या प्रचलित रचनेत एक क्रॉलर, म्हणजे अतिशय अवघड जागी गाडी रांगत नेण्यासाठीचा गिअर, चार खालच्या श्रेणीचे आणि चार वरच्या श्रेणीचे गिअर असतात, आणि गिअरच्या दांड्यावरील हाय-लो कळ हवेच्या दाबाने श्रेणी बदलते. या रचनेत चूक होण्याची जागाही हीच असते. वरच्या श्रेणीतून खाली येताना कळ आधी आणि दांडा नंतर हा क्रम मोडला, किंवा वेग पुरेसा कमी होण्यापूर्वीच श्रेणी बदलली, तर वाहन न्यूट्रलमध्ये अडकते अथवा इंजिन सहन करू शकणार नाही इतके फेरे त्याच्यावर लादले जातात. इंजिनाचा गव्हर्नर इंधन तोडू शकतो, चाकांकडून येणारी सक्ती तो तोडू शकत नाही, आणि मर्यादेपलीकडे फिरवल्या गेलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

गिअर बदलणे म्हणजे दोन वेगवेगळ्या गतींनी फिरणारे भाग एकाच गतीवर आणून एकमेकांत गुंतवणे होय. ज्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नसते, म्हणजे या दोन गतींची बरोबरी घर्षणाने साधून देणाऱ्या कड्या नसतात, तेथे ही बरोबरी चालकाने स्वतः घडवायची असते, आणि त्यासाठीच दुहेरी क्लचची पद्धत रूढ झाली. वरचा गिअर टाकताना क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचे फेरे नव्या गिअरला साजेसे खाली येईपर्यंत क्षणभर थांबायचे, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. खालचा गिअर टाकताना क्रम तोच राहतो, मात्र न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना ॲक्सिलरेटर किंचित दाबून फेरे वाढवायचे, कारण खालच्या गिअरला त्याच वेगासाठी इंजिन अधिक जोरात फिरावे लागते. आजच्या बहुतेक वाहनांत सिंक्रोमेश असते, तरी ही पद्धत जाणणारा चालक गिअरबॉक्सचे आयुष्य वाढवतो, कड्यांवरचा ताण कमी करतो आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाहनाचा वेग, गिअर आणि इंजिनाचे फेरे यांचे नाते त्याच्या कानाला आणि पायाला कळलेले असते. गिअर करकरतो तेव्हा जुळणी कोठे चुकली, हे अशा चालकाला काट्याकडे न पाहताही उमगते.

यातूनच घाटातील चालनाचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो, तो असा की उताराचा गिअर माथ्यावरच, उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा. गिअर बदलताना वाहन काही क्षण न्यूट्रलमध्ये असते आणि सपाट रस्त्यावर त्या क्षणांत त्याचा वेग किंचित उतरतो. 5 टक्के उतारावर मात्र तेच वाहन न्यूट्रलमध्ये दर सेकंदाला ताशी सुमारे दीड किलोमीटरने वेग घेते. चार-पाच सेकंद गिअर पडला नाही तर वेग ताशी सहा-सात किलोमीटरने वाढलेला असतो, त्यामुळे खालच्या गिअरला आवश्यक असलेले फेरे आणखी वर गेलेले असतात, दुसरा प्रयत्न पहिल्याहून अवघड होतो, तिसरा दुसऱ्याहून, आणि या खटपटीत वाहन पूर्णपणे ब्रेकच्या हवाली होते. तीव्र उतारावर खालचा गिअर शोधण्याची वेळ आली, याचा अर्थ निर्णयाची वेळ मागेच निघून गेली. तशा प्रसंगीही हातात असलेला गिअर सोडण्यापूर्वी ब्रेकने वेग पुरेसा खाली आणावा आणि मगच एकेक पायरी उतरावी. एखादा गिअर लागलेला असणे हे कोणताच गिअर नसण्यापेक्षा नेहमी बरे असते.

गिअर कोणता निवडावा, याचे उत्तर घाटाचे नाव ऐकून देता येत नाही. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, हा महामार्गांवरचा जुना नियम निरुपयोगी नाही, पण आज तो अपुरा पडतो. इंजिने पूर्वीपेक्षा पुष्कळ शक्तिशाली झाली असल्यामुळे वाहन पूर्वीपेक्षा वरच्या गिअरने घाट चढते, आणि त्याच गिअरने उतरल्यास त्याला पुरेसा अटकाव मिळत नाही. योग्य गिअरची खरी कसोटी अशी की, त्या गिअरमध्ये, इंजिन आणि सहायक ब्रेक यांच्या बळावर, वाहन निवडलेल्या वेगाच्या आसपास राहिले पाहिजे आणि पायाच्या ब्रेकची गरज अधूनमधूनच लागली पाहिजे. पाय ब्रेकवरून उचलताच वेग भराभर वाढू लागत असेल तर गिअर वरचा आहे, आणि उतार पुरेसा सौम्य असतानाच, अथवा सुरक्षित जागी थांबून, तो बदलला पाहिजे. येथे फेरेदर्शकाच्या हिरव्या पट्ट्याविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. हा पट्टा इंधन वाचवत ओढण्यासाठी असतो; उतरताना इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक यांचा अटकाव फेऱ्यांबरोबर वाढत असल्याने काटा हिरव्या पट्ट्याच्या वर, पण लाल खुणेच्या निश्चितपणे खाली ठेवणे हे योग्य चालन असते.

एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धुराच्या नळीत बसवलेली झडप. ती मिटली की सिलिंडरांमधून बाहेर पडू पाहणारी हवा कोंडते, पिस्टनांना तिच्याविरुद्ध जोर लावावा लागतो आणि इंजिनाचा अटकाव बराच वाढतो. काही वाहनांत याहून प्रभावी रिटार्डर असतो, जो तेलाच्या किंवा चुंबकीय बलाच्या साहाय्याने फिरत्या दांड्याला रोखतो. ही साधने ड्रम आणि लायनर झिजवत नाहीत, म्हणून दीर्घ उतारावर मुख्य काम त्यांच्याकडेच असावे. मात्र त्यांचा जोर केवळ ओढणाऱ्या चाकांवर पडतो. पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर, विशेषतः वाहन रिकामे असून मागील चाकांवर भार कमी असताना, तो जोर चाकांची पकड सोडवू शकतो. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीचा घाटमाथा देशातील सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांत मोडतो आणि धुक्यामुळे तेथे दृष्टीची मर्यादा काही मीटरांवर येते, हे लक्षात घेता पावसाळ्यातील चालनासाठी वेगळे प्रकरण का आवश्यक होते, हे वाचकाला पटेल.

पायाच्या ब्रेकची मर्यादा समजणे हा या शास्त्राचा दुसरा अर्धा भाग आहे. जड वाहनांच्या एअर ब्रेकमध्ये इंजिनावर चालणारा कंप्रेसर टाक्यांत हवा भरतो, पेडल दाबल्यावर ती हवा चाकांजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि लायनर ड्रमवर आतून दाबले जातात. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, त्यामुळे चेंबरमधील दट्ट्याला अधिक अंतर कापावे लागते; त्याच वेळी तापलेल्या लायनरचे घर्षणही घटते. परिणामी तेवढ्याच दाबाला कमी ब्रेक लागतो, चालक अधिक दाबतो, उष्णता आणखी वाढते, आणि हे चक्र पेडल पूर्ण दाबूनही वाहन थांबत नाही तेथे संपते. चाकांतून जळका वास किंवा धूर येणे ही या चक्राची उशिरा मिळणारी सूचना असते. हे टाळण्यासाठी ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरू नये. सुरक्षित वेग आधी ठरवावा, वाहन त्या वेगाला पोहोचताच ब्रेक ठामपणे लावून वेग ताशी सात-आठ किलोमीटरने खाली आणावा, ब्रेक पूर्ण सोडावा आणि वाहन पुन्हा त्या वेगाला आल्यावरच तो पुन्हा लावावा. मात्र ही पद्धत योग्य गिअरची जागा घेऊ शकत नाही, केवळ त्याला पूरक ठरते. पेडल वारंवार पटपट दाबणे तर अधिकच घातक, कारण प्रत्येक दाबासरशी टाकीतील हवा खर्च होते.

न्यूट्रलमध्ये उतरल्याने डिझेल वाचते हा समज या क्षेत्रात फार खोल रुजला आहे, आणि त्याची चिकित्सा उपदेशाने होण्यापेक्षा हिशेबाने झालेली बरी. गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आधुनिक इंजिनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करते, आणि जुन्या यांत्रिक पंपांतही गव्हर्नर अशा स्थितीत हेच काम करत असे. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन आपल्या बळावर चालू राहावे लागते आणि त्यासाठी मोठ्या डिझेल इंजिनाला ताशी दोन-तीन लिटर इंधन लागू शकते. म्हणजे घाटाच्या खऱ्या उतारावर गिअरमध्ये उतरणारे वाहन जवळजवळ काहीच जाळत नाही आणि न्यूट्रलमधले वाहन जाळते. अगदी सौम्य उतारावर मोकळे सोडलेले वाहन काही अंतर अधिक जाते हे खरे. परंतु जेथे वेग आवरण्यासाठी ब्रेक लावावाच लागतो, तेथे ही बचत नावालाही उरत नाही, फक्त लायनरांची झीज पदरी पडते. इंजिनच बंद करणे हा तर याहून गंभीर प्रकार आहे, कारण त्यासरशी कंप्रेसर थांबून हवा भरणे बंद होते, पॉवर स्टेअरिंगचा पंप थांबून सुकाणू जड होते, एक्झॉस्ट ब्रेक निरर्थक ठरतो, आणि एकाच कृतीने चालक आपली जवळपास सर्व साधने गमावतो. उतारावर क्लच दाबून ठेवणे हाही परिणामांच्या दृष्टीने न्यूट्रलचाच प्रकार होय.

चढणीचे शास्त्र याच्या तुलनेत कमी जीवघेणे, पण कौशल्याच्या दृष्टीने कमी नाही. चढावर गिअर बदलताना वाहनाची गती झपाट्याने मरते, म्हणून फेरे पार खाली येण्याची वाट न पाहता खालचा गिअर वेळीच टाकावा लागतो, आणि चढ फार तीव्र असल्यास एक पायरी वगळून थेट त्याखालचा गिअर घेणे शहाणपणाचे ठरते. चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवल्याने क्लच प्लेट जळते. अशा वेळी हँडब्रेक लावून थांबावे आणि इंजिनाने भार घेतल्यावरच तो सोडावा. रस्ता अरुंद असेल तेथे उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, या नियमामागेही हेच कारण आहे, कारण चढावर थांबलेले भरलेले वाहन पुन्हा हलवणे हे यंत्राची आणि माणसाची दोघांचीही परीक्षा घेणारे काम असते.

मात्र सारी जबाबदारी चालकाच्या हातापायांवर टाकून हा विषय संपवणे अन्यायाचे ठरेल. अनुज्ञेय मर्यादेपेक्षा पाच टन अधिक भरलेले वाहन त्याच प्रमाणात अधिक उष्णता निर्माण करते, आणि त्याचे ब्रेक तर अनुज्ञेय वजन गृहीत धरूनच बनवलेले असतात. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद झाली असली, तरी भार ठरवणारा बहुधा चालक नसतो. फेरीमागे मोजून डिझेल देण्याची आणि उरलेल्यावर चालकाची कमाई अवलंबून ठेवण्याची प्रथा न्यूट्रलच्या सवयीला खतपाणी घालते. मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, परंतु पोहोचण्याची वेळ आधीच ठरवून दिलेल्या लांब पल्ल्याच्या फेरीत ती किती पाळली गेली, हे महामार्गांवरील कोणत्याही ढाब्यावर चौकशी केल्यास कळते. अपुरी झोप झालेला माणूस माथ्यावर थांबून ड्रम तपासत नाही, हवेचा काटा पाहत नाही आणि गिअर उतरवण्याचा निर्णय पुढच्या वळणावर ढकलतो. देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. या संख्येकडे पाहता माल पाठवणारा, गाडीमालक, देखभाल करणारा कारागीर, रस्ता आखणारा अभियंता आणि चालक यांपैकी कोणालाही स्वतःला बाजूला ठेवता येणार नाही.

प्रशिक्षणाची स्थितीही विचारात घ्यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान क्लीनर म्हणून गाडीवर चढलेल्या मुलाने उस्तादाच्या शेजारी बसून, पाहून आणि चुका करून मिळवले. या परंपरेने असंख्य निष्णात चालक घडवले, पण तिच्याबरोबर न्यूट्रलसारखे गैरसमजही पिढीजात झाले, कारण ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची तिच्यात सोय नव्हती. आता क्लीनरची जागाच अनेक गाड्यांवरून नाहीशी होत असल्याने ही अनौपचारिक शाळाही मिटत चालली आहे. 2021 मध्ये केंद्र शासनाने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची जी चौकट आखली, तीत जड वाहनांसाठी सहा आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम आहे, आणि पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेसारखी संस्था दीर्घकाळ या क्षेत्रात कार्यरत आहे. तथापि, मराठी चालकाला त्याच्या भाषेत, त्याच्या घाटांच्या संदर्भात आणि कारणांसह हे सर्व सांगणारे ग्रंथलेखन फारच थोडे झाले आहे. प्रस्तुत पुस्तक ती उणीव काही अंशी भरून काढण्याच्या हेतूने सिद्ध झाले आहे.

स्वयंचलित रीतीने गिअर बदलणारी जड वाहने आता बाजारात येत असताना हस्तचलित गिअरवर एवढा भर कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे एक उत्तर असे की, रस्त्यावरील मालवाहू वाहनांचा फार मोठा भाग आजही हस्तचलित आहे आणि पुढील अनेक वर्षे तो वापरात राहील. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे उत्तर असे की, यंत्राने गिअर बदलला तरी माथ्यावरून किती वेगाने उतरायचे हे यंत्र ठरवत नाही. पुढे तीव्र वळण आहे, रस्ता ओला आहे, टँकर अर्धाच भरलेला असल्याने आतला द्रव हिंदकळून वळणावर गाडीला ढकलणार आहे, या गोष्टी माणसालाच आधी ओळखाव्या लागतात.

पुस्तकाची मांडणी साधारणपणे या प्रस्तावनेच्याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात वजन, उतार आणि वेग यांचे गणित, दुसऱ्यात इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची रचना, तिसऱ्यात गिअर बदलण्याच्या पद्धती, चौथ्यात ब्रेकची रचना, मर्यादा आणि देखभाल, आणि पाचव्या भागात घाटातील प्रत्यक्ष चालन, पाऊस, धुके, वळणे आणि आणीबाणीचे प्रसंग यांचे विवेचन येते. शिकाऊ चालकाने ते क्रमाने वाचावे. अनुभवी चालकाने आपल्या सवयी चौथ्या आणि पाचव्या भागांशी ताडून पाहाव्यात, आणि प्रशिक्षकांनी कारणे सांगितल्याशिवाय कोणताही नियम शिकवू नये, एवढी अपेक्षा आहे. गाडीमालकांना आणि माल पाठवणाऱ्यांना विनंती अशी की, त्यांनी हे पुस्तक केवळ चालकाच्या हाती देऊन थांबू नये. माथ्यावर दहा मिनिटे थांबून चाके तपासणारा आणि खालच्या गिअरने सावकाश उतरणारा चालक उशिरा पोहोचला म्हणून त्याची मजुरी कापू नये, कारण त्या दहा मिनिटांत त्याने त्यांचा माल, त्यांची गाडी आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या अनोळखी माणसांचे प्राण या तिन्हींची राखण केलेली असते.